दीड फूट

कुडाळच्या नर्सरीतून सहा कुंड्या आणल्या,
एकशे ऐंशीला एक.
प्रणित मेस्त्री म्हणाला, बाई, गॅरंटी देतो,
दीड फुटाच्या वर जाणार नाही,
गोल बसेल, खुडूक कोंबडीसारखं.

देवगडला आमच्या कुंपणाशी माती अशी नाहीच.
पहारीने जांभा फोडून सहा खड्डे केले,
तळाला शेणखत, वर थोडी नदीची वाळू.
याच जागी खाऱ्या वाऱ्याने माझे
दोन गुलाब आणि एक क्रोटन जाळले होते.
गवत मात्र वाऱ्याकडे पाठ करून झुकलं
आणि तसंच, झुकलेलं, जगलं.

हसीना मुकादम गडग्यावरून म्हणाली,
गवत? विकत?
आणि इतकी हसली
की खांद्यावरचं ओलं धुणं खाली पडलं.

आईला मी किंमत सांगितलीच नाही.

तिने गवत मोजलं ते भाऱ्यांनी.
नवरात्र संपलं की सड्यावर,
कमरेइतकं, कुसळांनी भरलेलं,
कापायचं, बांधायचं, डोक्यावर घ्यायचं
आणि घाटी उतरायची.
आम्हाला दिसायचा एक चालता भारा
आणि खाली दोन पाय.
पाय ओळखून आम्ही धावायचो.
मान तिची खांद्यांत गेली ती तेव्हाच कधीतरी.
आता ती माझ्या दंडाला लागते,
आणि मी मुळातच बुटकी.

माघात ती राहायला आली.
तुरे वाळून भुरे झाले होते.
दोन दिवस पायरीवर बसून नुसती बघत राहिली.
तिसऱ्या सकाळी मी उठून पाहते तर
विळा घेऊन उकिडवी बसलेली.
अगं, शोभेचं आहे ते!
"माका कळता. शोभेचां झालां तरी गवातच मां तां.
मुळाशी चार बोटां ठेवची, मगे फुटता."
मूठ, पीळ, विळा.
मूठ, पीळ, विळा.

सहा ठोंबांची मिळून एक पेंढीसुद्धा भरली नाही.
ती तिने हातात तोलली,
वळून वळून तिची चुंबळ केली
आणि सवयीने
डोक्यावर ठेवली.
वर काहीच नव्हतं.
"गे बाय," म्हणाली, "हलकी आसा."

चुंबळ आता माझ्या माठाखाली आहे,
माठ डुगडुगायचा थांबला.
फाल्गुनात ठोंबांतून हिरवं वर आलं.
दर रविवारी फोनवर ती विचारते, किती झालां?
मी बोटं लावून सांगते.
चार. सात. टीचभर.
"वाढतला," ती म्हणते, "अजून वाढतला."
प्रणितची गॅरंटी
मी तिला सांगितलेली नाही.