आधी प्लग बघा

आधी प्लग बघा.
हसू नका. खानापुरात, स्टेशन रोडला,
बावीस वर्षं हेच बघत आलोय:
निम्मे आजार भिंतीतच असतात.

नंदगडहून कुणी मिक्सर आणतं, पिशवीत, टॉवेलात गुंडाळून.
'घुंई केला आणि गप्प बसला बगा.'
मी त्याला उताणा करतो,
पोटाखालचं लाल बटण अंगठ्यानं आत ढकलतो.
टक्.
याचे पैसे घेऊ कसे? न घेऊन भागेल कसं?
वीस रुपये म्हणतो, नजर सोल्डरवर ठेवून.

रिमोटच्या सेलांना आषाढात हिरवी बुरशी फुटते.
जुनं ब्लेड, लिंबाचा थेंब, मग कोरडं फडकं.
एका इन्व्हर्टरच्या बोर्डावर पालीची अंडी होती,
दोन, पांढरी, कॅपॅसिटरच्या उबेला.
काडेपेटीत कापसावर ठेवली मी ती.
पुढचं विचारू नका.

बाशासाब मुल्ला, माझे उस्ताद, म्हणायचे,
मशीनला एक कान लाव, गिऱ्हाईकाला दोन्ही.
गिऱ्हाईक खोटं बोलत नाही;
'पाणी सांडलं होतं' एवढंच ते शेवटी सांगतं,
पायरी उतरताना.

परवा गर्लगुंजीहून जोतिबा घाडी आले.
नातवानं बटणं दाबदाब दाबली,
आता टीव्ही मराठी न्हाई, कन्नड न्हाई,
'काय बोलुलालाय कळंना झालंय.'
गेलो. पडद्यावर सगळी चौकटी-चौकटीची अक्षरं,
खिडक्या लावून घेतलेल्या चाळीसारखी.
शेजारच्या गंगव्वा हुक्केरी आधीच येऊन बसलेल्या,
त्यांच्या सातच्या बातम्या याच टीव्हीवर.

मला ती भाषा येत नाही.
बोटांना वाट पाठ आहे:
चक्राची खूण, चार खाली, एक उजवीकडे,
आणि उघडते यादी,
जिथं प्रत्येक भाषा आपलं नाव
आपल्याच अक्षरात लिहून उभी असते.
कुणी कुणाचा पाय ओढत नाही तिथं.
कन्नड. तिच्याखाली दोन सोडून मराठी.

'कुठली करू?'
जोतिबांनी गंगव्वांकडे बघितलं.
गंगव्वा शेंगा सोलत होत्या. 'यावदारे माडरी,' म्हणाल्या.
'आवाज तेवढा वाढवा,' जोतिबा म्हणाले,
'तिला कमी ऐकू येतंय.'

अंगठा बटणावर टेकला होता
तेवढ्यात करंट गेला.
हेस्कॉमला फोन लावला कुणीतरी, लागला नाही.
बसलो तसेच, शेंगांच्या टरफलांच्या आवाजात.
चहा आला, कपाची कड चाचपून प्यालो.

शेवटची बस सव्वासातची.
लाईट आल्यावर टीव्ही कुठल्या भाषेत जागा झाला
मला ठाऊक नाही.
टेस्टर मात्र तिथंच राहिला, खिडकीत.
आणायला जायला हवं.