गॅरेज नंबर अकरा

ऑकरिंग्टनवर तीन दिवस धुकं बसून आहे
आणि माझ्या मसाल्याच्या डब्यात
हळदीच्या जागी वॉशर,
मोहरीच्या जागी स्प्रिंगा,
जिऱ्याच्या वाटीत टॉमचे आठ बोल्ट.
एक वाकडा.

साठीला दोन वर्षं कमी असताना
बाई ड्रम शिकायला निघाली, म्हणे.
म्हणू देत.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्या मोजल्या मी
काउंटरच्या आत उभी राहून,
कुणाचा रक्तदाब, कुणाची झोप.
आता मोजायचं तर एक दोन तीन चार,
आणि पाचवर पुन्हा एक.

सेट क्लिफर्ड हॅलिवेलचा.
शनिवारी कामगारांच्या क्लबात वाजवायचा,
सोमवारी गिरणीत.
त्याची बायको मॉरीन,
तिचं लँकाशायरी माझ्या कानात मराठी होऊनच पडतं:
ने बाई, पोटमाळ्यावर मेला नुसता जागा खातो.
मेला कोण, सेट की क्लिफर्ड,
ते मी विचारलं नाही.

रिंगांवर गंज.
व्हिनेगर, आणि चुरगाळलेली चंदेरी फॉइल,
पोळ्या गुंडाळायची तीच.
घासत गेलं की करडं पाणी सुटतं
आणि खालून अचानक माझं नाक वर येतं,
रुंद, वाकलेलं, क्रोममध्ये.
शॅम्पेन रंगाच्या चमचमत्या आवरणावर
सिगारेटचा एक डाग. तो राहू दिला.

झांजांकडे वळले तसा हात आपोआप चिंचेकडे गेला.
समया घासते तशा घासणार होते,
पण ब्लॅकबर्नचा दुकानदार फोनवर ओरडलाच:
खबरदार! तो काळपटपणा उतरवलात
तर आवाजही उतरेल.
मग नुसतं कोमट पाणी, मऊ फडकं,
आणि हात मांडीखाली दाबून बसले,
जन्मात पहिल्यांदा
एखादं भांडं मळकं ठेवून.

कवच उपडं ठेवलं काचेवर,
आत टॉर्च. गॅरेजचा दिवा बंद.
कड जिथं झिजली तिथून उजेड पाझरतो.
नखाएवढी एक फट,
दुसरी केसाएवढी.
सँडपेपर, हलकेच. पुन्हा टॉर्च.
पुन्हा हलकेच.
पुरता अंधार झाला तेव्हा थांबले.

बेस ड्रम सगळ्यात शेवटी.
पान काढलं तर आत काहीतरी कोंबलेलं,
आवाज घुमू नये म्हणून.
गोधडी असेल, उशी असेल.
ओढलं तशी आधी बाही आली.
मग कॉलर.
बाटलीहिरवा लोकरीचा कोट, बायकी,
खिशात बसचं तिकीट
आणि कागदाला चिकटून गेलेली पेपरमिंटची गोळी.

मॉरीनला फोन केला.
पलीकडे बराच वेळ नुसती केटल.
"एकाहत्तर साल," ती म्हणाली.
"बहिणीवर आळ घेतला मी. ग्लेनिसवर.
अकरा वर्षं बोलले नाही तिच्याशी."
मग हसली की खोकली, कळलं नाही.
"दर शनिवारी पुढच्या टेबलाशी बसायचे मी
कुडकुडत,
आणि हा माणूस माझ्या कोटाला लाथा घालत होता!"
आणून देऊ का?
"आता कुठला अंगात बसायला.
जिथं होता तिथं ठेव.
पण धुऊ नकोस."

गुरुवारी आलीच, काठी टेकत.
रंगाच्या डब्यावर बसली, पर्स मांडीवर.
ग्लेनिसबद्दल काही बोलली नाही, मीही नाही.
कोट तसाच घडी करून आत,
पान ताणलेलं,
बोल्ट एकाआड एक समोरासमोर आवळलेले.
मी पाय उचलला.
एक, दोन, तीन, चार.
धप्प.
घुमलं नाही, नुसतं छातीत लागलं.

मॉरीननं डोळे मिटले होते.
"उशीर झाला तुला," ती म्हणाली,
"अगदी जरासा.
त्यालाही व्हायचा.
परत वाजव."