मुडदुशी

तीन वर्षं झाली कोल्हापूरला जाऊन.
मनगटातून तार घातली आणि काळजाच्या नळीत
एवढीशी जाळी बसवली.
जाळी म्हटल्यावर मला हसूच आलं.
चार पिढ्या आम्ही जाळ्यांवर जगलो,
आता एक आतही.

मला वाटलं, काम संपलं.
मॅडम म्हणाल्या, नाही भामामावशी,
प्रेशरची गोळी रोज.
किती दिवस?
त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.
तेवढ्यात मला कळलं.

पहिल्या गोळीनं खोकला दिला.
कोरडा. बंदरावर लिलावात बोली करायला तोंड उघडलं
की खोकला,
आणि लवू मेथरानं एकदा खोकल्यालाच बोली समजून
दोनशे रुपये जास्तीची टोपली गळ्यात मारली.
मग मॅडमनी दुसरी दिली, गुलाबी,
मधोमध चीर. ती मानवली.

अक्षर मला येत नाही. रंग येतात.
कल्ला लाल की तपकिरी
एवढ्यावर चाळीस वर्षं दर ठरवले मी.

मीठ कमी, असंही सांगितलं.
देवगडात!
इथे खिडकीच्या गजालाही मीठ फुटतं.
खारा बांगडा अजून विकते, हुंगते, कागदात बांधून देते,
खात नाही.
(शिमग्यात एकदा खाल्ला. मॅडमना माहीत नाही.)

गणपती झाले आणि अन्वरच्या मेडिकलात गुलाबी संपली.
त्यानं निळी दिली.
मावशी, औषध तेच, कंपनी दुसरी.
बरं म्हटलं,
आणि घरी येऊन निळी तांदळाच्या डब्यामागे सारली.
ही माजी गोळी न्हय.

नऊ दिवस काही घेतलं नाही
आणि काही झालंही नाही.
डोकं दुखेना, छाती भरेना,
डोक्यावर पाटी घेऊन जामसंड्याची चढण चढले न थांबता.
मनात आलं, बरी झाले मी.

दहाव्या दिवशी मुंबईची एक बाई
पाटीत बोट दाखवून म्हणाली, नगली कशी दिली?
नगली नाही, मुडदुशी.
अहो, हीच नगली.
न्हय गे बाय, मुडदुशी.
तिनं एक उचलली, कल्ला उघडून बघितला,
बरोबर मी उघडते तिथेच,
आणि घासाघीस करून दोन वाटे घेऊन गेली.
मी पैसे कनवटीला लावले
आणि उन्हात तशीच उभी राहिले,
माश्या हाकायच्या विसरून.

संध्याकाळी दवाखान्यात नर्सनं दंडाला पट्टा आवळला.
आकडा मला सांगितला नाही.
आधी मॅडमना बोलावलं.
त्यांनी पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं.
मी सगळं सांगितलं: निळी, डबा, नगली.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, दुखत नाही ना,
म्हणूनच रोज घ्यायची.

आता पहाटे, होड्या लागायच्या आधी,
दिवा न लावता गोळी काढते.
अंधारात सगळ्याच सारख्या.
तळहातावर धरून म्हणते,
चल गे नगली,
आणि वर घोटभर पाणी.
मग उठायचं दमानं, भिंत धरून,
घाई केली की भोवळ येते.