दोन दिवसांचा बेत

शनिवारी पहाटे साडेपाच, वाकडेवाडी.
हिंगोलीची गाडी साडेपाच म्हणते, म्हणजे साडेसहा.
तरी मी पाचलाच जाऊन उभी राहीन.
अण्णा उतरल्या उतरल्या
गाडीच्या पाटीवरचा 'पुणे'तला ण कुणी काढलाय
ते बघत राहतात
आणि पिशवी सीटखाली विसरतात.

पिशवीत आईचे धपाटे, जवसाची चटणी,
आणि चार नंबरचा ब्रश, उगाच,
लोक किल्ल्या बाळगतात तसा.

मग चहा. मग मंगेशच्या रूमवर आंघोळ,
कारण आमच्या होस्टेलला पुरुषांना फाटकाच्या आत प्रवेश नाही.
तशी पाटीच आहे,
आणि तिच्यावर 'पुरूषांना'.
अण्णा तिथे थांबणारच.
ढोलेकाकांना आजच सांगून ठेवते,
की हा माणूस भांडायला आलेला नाही,
याला फक्त एक उकार खुपतोय.

पर्वती लिहिली, खोडली. गुडघे.
तुळशीबाग राहू दे, आईला पोळपाट हवाय.
जेवण कुठे ते नंतर.

बारा ते दोन, कॉलेज.
हे मी तीनदा लिहिलं, त्यातलं एकदा पेन्सिलीने.
शनिवारी डिपार्टमेंट बंद असतं, असं सांगता येईल.
बंद नसतं.
जिन्यापाशी काचेच्या कपाटात जूनची यादी अजून आहे,
टाचण्या गंजल्यात.
अण्णा इंग्रजी वाचत नाहीत फारसं,
पण तीस वर्षं लोकांची नावं रंगवलेला माणूस,
कोणतं नाव कुठे नाही
ते त्यांना लांबून दिसतं.

तीन विषय. वर्ष गेलं.
फोनवर मी 'चाललंय' म्हणते.
ते खोटं नाही,
मी रोज चालत जाते कर्वेनगरहून एरंडवण्यापर्यंत,
वाचनालयात खिडकीशेजारी बसते
फी भरलेल्या मुलीसारखी.

रविवार त्यांनीच मागून घेतला.
'मला मेट्रोत बसव. पिंपरीला एक फाटक पाहाचं हाय.'
कसलं फाटक?
'हाय एक.'

मग आईचा वेगळा फोन, कुकरच्या आवाजाआड.
ब्याण्णव साली अण्णा तिकडे कंपनीत लागले होते,
सात महिने.
फाटकाशेजारच्या भिंतीवर 'वाहने हळू चालवा'
त्यांच्या हातचं, हातभर उंचीचं,
खाली कोपऱ्यात बारीक 'केरबा'.
मग एका सकाळी ट्रंक घेऊन गावी.
कामून आले ते मलाबी नाही सांगितलं, म्हणाली.
गावात सगळ्यांना माहीत आहे, कंपनी बंद पडली.

मी शोधून काढलं.
कंपनी चालू आहे.
तीन पाळ्यांत.

रात्री वहीचं पान फाडलं, नवीन घेतलं.
पिंपरी आधी, शनिवारीच.
बोपोडी, दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी,
अण्णांना खिडकी.
भिंत पाडलेली असली तर?
नवा रंग चढला असला तर?
त्यासाठी मी वेळ धरलेला नाही,
तिथे किती उभं राहायचं ते ते ठरवतील.
येताना, उलट दिशेला तोंड करून बसल्यावर,
कदाचित पुलावर, 
कदाचित नाहीच.

एवढ्यात त्यांचाच फोन.
'तुमच्या डिपार्टमेंटची पाटी कशी हाय गं? पितळी का रंगवलेली?'
रंगवलेली, अण्णा. 'विभाग'मधला वि उडालाय.
पलीकडे थोडा वेळ फक्त पंखा.
'मंग नुसतं भाग राह्यलं म्हण की.'
हो.
'आणतो मी डबी. काळा का पांढरा?'

पानावर लिहिलं:
साडेतीन, कॉलेज.
काळा.