गुलाबी होईपर्यंत

बावीस वर्षं कॉलेजात ब्युरेट धुतल्या,
दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या.
आता एक माझी आहे,
टोकाला टवका उडालेली,
अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये
खिळ्याला सुतळीनं बांधलेली.

दुपारी ड्रम येतात.
सात रस्त्यावरच्या भजीवाल्याचं काळंभोर तेल,
तळाशी मिरचीचं बी.
फरसाणवाल्याचं, त्यात बुडालेली शेव.
मैनुद्दीनच्या दुकानातली चरबी,
डब्यात गोठलेली, पांढरी.
आणि हिप्परग्याच्या बाया खताच्या पिशव्यांतून
करंजाच्या बिया आणतात;
घाण्यातून त्याचं तेल येतं इतकं कडू
की बोट चाटलं तर दिवसभर चहा गोड लागत नाही.

सगळ्यांना एकच प्रश्न.
थोडं तेल, थोडं स्पिरिट,
फेनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब,
मग वरून कॉस्टिकचं पाणी,
थेंब,
थेंब,
गुलाबी होईपर्यंत.
ज्याला जास्त थेंब लागतात ते जास्त बिघडलेलं.
इतकं तोंडावर सांगणारं
मी दुसरं काही पाहिलं नाही.

पहिल्या खेपेला घाई केली.
आमटीत मीठ टाकावं तसं कॉस्टिक टाकलं, अंदाजानं.
सकाळी सगळा ड्रम खरवसासारखा घट्ट.
भावजयीनं विळीनं वड्या पाडल्या,
महिनाभर चाळीच्या गोधड्या धुतल्या,
वर म्हणाली, डिझेल म्हणत होतीस ना बे?

आता मोजते.
साठ अंशांवर तेल, दारं सताड उघडी,
मिथेनॉलच्या आसपास बिडीसुद्धा नाही.
रात्रभर कुणी हात लावायचा नाही.
सकाळी खाली काकवीसारखं ग्लिसरीन,
वर मधाच्या रंगाचं ते,
बाटलीपलीकडची पंचांगाची तारीख वाचता येते.
मग पाण्यानं तीनदा धुवायचं,
हलक्या हातानं,
नाहीतर फेस धरतं आणि रुसून बसतं.

टॉवेलवाले गुरुबाळप्पा आले.
कॅन उजेडात धरला, हुंगला.
"नरसम्माक्का, यात मटणाचं काय नाही ना?"
नाही म्हणता आलं असतं.
रंगात दिसत नाही, वासात लागत नाही.
"आहे," म्हटलं. "तिसऱ्या ड्रममध्ये आहे."
गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून
ते बराच वेळ उभे राहिले,
आणि रिकाम्या हातानं गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पोरगा
रिकामा कॅन घेऊन दारात.
"मालकांनी जनरेटरच्या खोलीतला देवाचा फोटो
ऑफिसात हलवलाय.
वीस लिटर द्या."

रात्री लाईट गेली.
गल्ली क्षणभर बहिरी झाली,
मग जनरेटर दोनदा खोकला
आणि बारा माग एकदम बोलायला लागले.
धूर बोळातून माझ्या पायरीपर्यंत आला.
रात्रपाळीचा मल्लेशम बाहेर येऊन नाक वर करून उभा,
"अक्का, एवढ्या रात्री कोण भजी तळतंय बे?"

मी हुंगलं.
सात रस्ता.

कुलूप लावण्याआधी ब्युरेट धुतली,
आधी पाण्यानं, मग परत पाण्यानं,
उलटी टांगून ठेवली.