शून्य टक्के

सीताबर्डीहून आणला तेव्हा
खोक्यात थर्माकोलचा वास होता,
आणि आत आधीच कोणी राहत होतं:
नको ते खेळ, नको त्या जाहिराती.
म्हटलं, पुसून टाकू सगळं.

आता म्हणतो, डिस्क सापडत नाही.
आहे ना बे, तुझ्याच पोटात आहे!

कूलरमध्ये तिसरी बादली ओतली.
मेश्रामांचा सुगत फोनवर जांभया देत,
"काका, एफ टू दाबून धरा. सोडा. परत धरा."
पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतो,
आकडा हलत नाही.

झिरो माइलच्या गावात
शून्यावर बसायची सवय हवी खरं तर.
हप्ते अठरा. पहिला पाच तारखेला.

पहाटे, का कोण जाणे, पडदा उजळतो,
विचारतो, तुम्ही कुठे राहता?
यादीत नागपूर नाही.
मी कोलकाता निवडतो.