बिनकानाचं

टिळकवाडीची मेणसेबाई खानापुरात गाडीतून उतरली
जुन्या इरकलीत गुंडाळलेलं एक भांडं घेऊन.
जपानातनं आणलंय म्हणाली. जपून.
मामंजींनी ते उलटं केलं,
बुडावर टिचकी मारली, आवाज ऐकला,
मग म्हणाले, 'ह्याला कान कुठं गे?'

कान नाही. दोन्ही हातांनी धरायचं.
आत हिरवी भुकटी, वर गरम पाणी,
आणि बांबूच्या इवल्या रवीनं घुसळायचं, फेस येईस्तोवर.
'ताकच की मग.'
असली बारा हवीत, ती म्हणाली,
पण एकासारखं एक नको.

हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.
पन्नास वर्षं भरमा कुंभाराच्या चाकावरून
एकासारखं एकच उतरलंय.
नंदगडच्या बाजारात बायका
न बघता गाडगं उचलायच्या.

माती हवी होती बारीक, ऊब धरून ठेवणारी.
तसली एकाच शेतात,
मलप्रभेच्या काठाला, कल्लाप्पाकाकांच्या.
आणि काकांनी अकरा वर्षं
आमच्या दाराकडून तोंड फिरवलेलं.
(कारण विचारू नका. एक बांध, एक फणस,
आणि मयताला न आलेलं कुणीतरी.)

मीच गेले घमेलं घेऊन,
सून म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून.
'न्हे की. माती काय माझ्या बापाची हाय?'
मग जरा थांबून,
'तशी बापाचीच म्हणा. दोघांच्या.'

पहिली सात भांडी गोल आली.
अगदी गोल. मामंजींनी शिव्या देत मोडली.
आठवं उतरवताना मी दोन्ही हातांनी धरलं,
बाईनं दाखवलं होतं तसं,
आणि ओल्या मातीत माझी बोटं राहिली,
चार इकडे, चार तिकडे, अंगठे पुढ्यात.
पुसायला गेले तर हात धरला माझा.
'राहू दे. एक कान मागत होतो,
दहा आले.'

झिलई भाताच्या तुसाच्या राखेची.
बुडाला मात्र लावायची नाही,
जिथं टेकेल तिथं कळावं
कुठली माती.

भट्टीतून तेरा निघाली, एक तडकलेलं.
बाईनं ओसरीवरच पाणी तापवलं,
घुसळून मामंजींच्या हातात दिलं, सांगितलं,
भांड्यालाही तोंड असतं, त्याची देखणी बाजू.
ती तुमच्याकडे करून देतात.
पण तिला ओठ लावायचा नाही,
आधी जरा फिरवायची. मान असतो तो.

'म्हणजे तोंड फिरवायचं, ते मानानं?'
एवढंच विचारलं, आणि बराच वेळ
भांडं तळव्यावर फिरवतच बसले.
चहा निवला. प्यायल्यावर म्हणाले, 'गवात.'

तडकलेलं त्यांनी दिवस कलताना
स्वतः नेलं, नदीच्या वाटेनं.
पुढचं मला ठाऊक नाही.
परतले तेव्हा पायांना चिखल, हात रिकामे,
आणि जेवताना भात दुसऱ्यांदा मागितला.

परवा काकांच्या गोठ्यावरून आले.
खांबापाशी ते भांडं,
त्यात कोंबड्यांना टाकलेली कणी.
थांबून नीट बघितलं.
माझी बोटं रस्त्याकडे होती,
चीर भिंतीकडे.